सगळं मिळालंय पण मजा येत नाही म्हणणाऱ्यांना कोचिंग कसं करायचं

पुण्यामुंबईत कोच आता पैशाला पासरी झालेत, मी पण त्यातलीच, आणि आपल्यातले बहुतेक जण कॉर्पोरेटमधून बाहेर पडलेले असल्यामुळे प्रमोशन कसं मागायचं, टीम कशी सांभाळायची, लीडरशिपसमोर कसं बोलायचं हे शिकवणं म्हणजे हातचा मळ. घोडं अडतं ते वेगळ्या क्लायंटपाशी. याला प्रमोशन मिळून गेलंय, बाणेरला थ्री बीएचके आहे, कंपनीने दिलेले शेअर्स व्हेस्ट झालेत म्हणजे आता त्याच्या नावावर आहेत, पोरगी चांगल्या शाळेत आहे, हाताखाली दोन-तीनशे माणसं आहेत आणि तो समोर बसून म्हणतो, "तसं सगळं छान चाललंय हो, पण मजा येत नाही." बरं हा आजारी दिसत नाही, रडत नाही, आणि तक्रार करायची त्याला लाज वाटते कारण ज्याच्याकडे सगळं आहे त्याने कुठल्या तोंडाने तक्रार करायची.

अशा माणसासोबत काय करायचं आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही, ते लिहिते. माझ्याकडे जास्त करून आयटीवाले आणि परदेशी कंपन्यांच्या इथल्या सेंटर्समधले लोक येतात, थोडे डॉक्टर, थोडे सीए, म्हणून उदाहरणं तिथली. आणि उदाहरणातली माणसं दोघा-तिघांची मिळून केलेली आहेत, उगाच ओळखायला जाऊ नका.

पहिल्या भेटीत गोल विचारू नका

कोचिंग शिकताना आपल्याला सगळ्यांना ग्रो मॉडेल घोकवलेलं असतं, जॉन व्हिटमोरने लोकप्रिय केलेलं, आधी गोल, मग सध्याची परिस्थिती, मग पर्याय, मग पुढची कृती. एरवी छानच आहे. पण या क्लायंटला गोल काय असं विचारलंत की तो तुम्हाला इतका सुंदर गोल देईल की तुम्हीच खूश व्हाल. आठवड्यातून चार दिवस जिम, रोज वीस मिनिटं मेडिटेशन, साडेसातला लॅपटॉप बंद, रविवारी फॅमिली. आणि तो हे करून दाखवतो! तीन आठवड्यांत सगळं हिरवं करून एक्सेल शीट घेऊन येतो आणि चेहरा तोच. कारण टार्गेट घ्यायचं, प्लॅन करायचा, गाठायचं, पुढचं घ्यायचं, हेच तर तो शाळेपासून करत आलाय, ज्या सवयीने दमला त्याच सवयीने त्याला विश्रांती घ्यायला लावताय तुम्ही.

त्याऐवजी मी साधे तीन प्रश्न विचारते. गेल्या महिन्यात वेळ कसा गेला कळलंच नाही असं कधी झालं का. काही काम नसताना कुणाला फोन केला होता. आणि हे जे मजा येत नाही म्हणताय ते अजून कुणाला सांगितलंय. बस, तासभर पुरतात. दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक सगळे अडखळतात. एक जण बराच वेळ छताकडे बघून म्हणाला, "आईला करतो ना, रोज." मी म्हटलं काय बोलता? तर "गोळ्या घेतल्या का विचारतो." मग स्वतःच हसला आणि म्हणाला, "म्हणजे स्टेटस कॉलच झाला की हा."

इथे तुम्ही गप्प बसायचं. काही सुचवायचं नाही, "मग आईशी जरा निवांत बोला ना" तर मुळीच नाही, कारण ते तो लगेच कॅलेंडरवर टाकेल, दर मंगळवारी साडेआठ ते नऊ, आई.

आधी डॉक्टर

हे कंटाळवाणं आहे पण सोडू नका. मजा येत नाही म्हणणाऱ्या पन्नाशीच्या जवळच्या माणसाला आधी पूर्ण चेकअप करून यायला सांगा. थायरॉईड, शुगर, बी१२, आणि घोरत असेल तर झोपेची तपासणी, कारण आयुष्याचा अर्थ हरवलाय असं वाटणारी माणसं कधीकधी नुसती वर्षानुवर्षं नीट झोपलेली नसतात. दारू किती हे सरळ विचारा, "सोशल ड्रिंकिंग" या उत्तरावर थांबू नका, आठवड्यात किती दिवस आणि किती पेग ते विचारा.

मग पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य चाचपायची प्रश्नावली. नऊ प्रश्न आहेत, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, एकूण २७ पैकी स्कोअर. तो डॉक्टरांचा फॉर्म आहे, आपण निदान करायचं नाही, फक्त दहा किंवा वर आला तर कोचिंग पुढे ढकलून तज्ज्ञाकडे पाठवायचं. आणि नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे, तिथे शून्य सोडून काहीही असलं तर स्कोअर बघत बसू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. सरकारची टेली-मानस हेल्पलाईन १४४१६ फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. यशस्वी माणसं इतकी नीट बोलतात, इतकी टापटीप येतात, की समोरच्याला शंकासुद्धा येत नाही, म्हणून कागदावर विचारायचं.

बर्नआउट हा शब्द हल्ली कुणीही कशालाही लावतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्याख्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, घातली तेव्हा तो आजार म्हणून नाही तर कामाशी जोडलेली स्थिती म्हणून घातला. तीन खुणा आहेत, दमून जाणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्याच्याने होत नाही ही भावना. आपला क्लायंट बऱ्याचदा यात बसत नाही, त्याला काम जमतंय, उलट फारच जमतंय. पण तासांचा विषय निघाला तर एक आकडा हाताशी ठेवा, कारण या लोकांना आकडा दिला की ऐकतात: जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ च्या अभ्यासात आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका ३५ टक्के जास्त निघाला. हिंजवडीतला माणूस ५५ तास म्हटल्यावर आधी हसतो, मग मोजायला लागतो.

पुरे म्हणजे किती

माझं स्पष्ट मत आहे की अर्ध्या वेळा "मीनिंग शोधतोय" याच्या खाली पैशाची भीती असते, आणि ती बोलायची सोय नसते कारण दोन कोटी पॅकेजवाल्याने घाबरायचं कशाला. पण वडील बँकेत कारकून होते, महिनाअखेरीला दुधाचा हिशोब व्हायचा, ते डोक्यातून जात नाही. म्हणून दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत मी एक होमवर्क देते, नवराबायकोने मिळून एका कागदावर लिहायचं: कर्ज किती राहिलंय, पोरांच्या शिक्षणाला किती, आईवडिलांच्या आजारपणाला किती, महिन्याचा खरा खर्च किती, आणि उद्या नोकरी गेली तर किती वर्षं. आकडे मला दाखवायचे नाहीत. आपण गुंतवणूक सल्लागार नाही, त्यासाठी सेबीकडे नोंदणी असलेला, फी घेऊन सल्ला देणारा माणूस गाठायला सांगायचं, कमिशनवर पॉलिसी विकणारा मित्र नको.

या कागदातून दोन जाती निघतात. एकाला खरंच पुरेसं नसतं, दोन फ्लॅटचे हप्ते चालू असतात, पोरगा मास्टर्सला अमेरिकेला जायचाय, एकट्याची कमाई. याला पर्पज वगैरे सांगू नका, अपमान होतो त्याचा. याच्याशी हप्ते कमी करण्याबद्दल बोला, दुसरा फ्लॅट विकायचा का बोला, तेच त्याचं वेलबीइंग.

दुसरा तो, ज्याचा आकडा तीन-चार वर्षांपूर्वीच पार झालेला असतो आणि त्याला माहीतच नसतं. तो जास्त हादरतो. इतकी वर्षं "पोरांसाठी करतोय" हे कारण होतं, ते गेलं. एक बाई मला म्हणाल्या, "मग मी दर रविवारी रात्री पोटात गोळा घेऊन का झोपते?" हा प्रश्न आला की खरं काम चालू झालं समजा. कधीकधी तिथपर्यंत यायलाच दोन महिने जातात.

मार्क देणारा कोण

आज पंचेचाळीस-पन्नाशीत असलेल्या मराठी हुशार माणसाच्या आयुष्यात दहावीची गुणवत्ता यादी फार मोठी गोष्ट होती. बोर्डात आला म्हणजे पेपरात फोटो, पेढे, आणि नाही आला, दोन मार्कांनी हुकला, तर तेही आयुष्यभर लक्षात. यादी बंद होऊन बरीच वर्षं झाली पण यांच्या आत ती चालूच असते. विचारून बघा, प्रमोशनचं पत्र आलं तेव्हा पहिला फोन कुणाला केला आणि पलीकडून काय ऐकू आलं. "बाबा म्हणाले वा छान, मग आता अमेरिकेला कधी?" हे मी वेगवेगळ्या आवाजांत ऐकलंय. इथे आईवडिलांवर खापर फोडायचं नाही, त्यांच्यासाठी नोकरी म्हणजे घर तरंगत राहणं होतं, ते तसंच बोलणार. क्लायंटला फक्त हे दिसायला हवं की परीक्षक कोण आहे आणि त्याची परवानगी अजून लागते का.

पण यात कोचसाठी एक खड्डा आहे. परीक्षकाची खुर्ची रिकामी झाली की तो तुम्हालाच बसवतो तिच्यावर. होमवर्क करून आणतो आणि तुमच्या तोंडाकडे बघतो. तेव्हा "व्हेरी गुड", "ग्रेट प्रोग्रेस" असलं काहीही म्हणू नका, कितीही तोंडावर आलं तरी. "कसं वाटलं करताना?" एवढंच. आणि कधी होमवर्क न करता आला तर मनातल्या मनात आनंद माना, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तो कुणासमोर अभ्यास न करता बसलाय.

छंदाचा केपीआय होऊ देऊ नका

केपीआय म्हणजे कंपनीत कामगिरी मोजायचा आकडा, तो छंदाला लागू नये. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोघा मानसशास्त्रज्ञांचं सेल्फ डिटर्मिनेशनचं काम वाचा, सगळं नाही तरी मूळ कल्पना. माणसाला तीन गोष्टी लागतात, आपण स्वतःच्या मर्जीने काही करतोय ही भावना, आपल्याला काही जमतंय ही भावना, आणि आपली माणसं. आपल्या क्लायंटचं मधलं उतू चाललेलं असतं आणि बाकी दोन कोरडे. आणि तो काय करतो, मधल्यातच अजून ओततो. पळायला लागला की सहा महिन्यांत सातारा हिल हाफ मॅरेथॉन, मग फुल, मग आयर्नमॅन, म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल आणि वर ४२ पळणं, आणि घड्याळातले आकडे रोज ग्रुपवर. व्यायाम वाईट नाही हो, माझा त्याला विरोध नाही, पण पहाटे चारला गजर लावून घरच्यांना झोपेतून उठवणारी दुसरी नोकरी झाली ती.

म्हणून माझा एक नियम आहे: एक गोष्ट निवडायची जी मोजायची नाही, कुठे टाकायची नाही आणि जिच्यात पुढची लेव्हल नाही. निवडताना नवीन शोधू नका, मागे जा, अकरावी ते शेवटचं वर्ष या काळात काय करताना जेवायचं विसरायचास ते विचारा. एका आयटी कंपनीतले डिलिव्हरी हेड होते, इंजिनिअरिंगला असताना पुरुषोत्तम करंडकाला बॅकस्टेज करायचे, लाइट्स. म्हटलं जा परत. गेले, एका हौशी ग्रुपच्या तालमीला जायला लागले, पोरं पंचविशीची. पंधरा दिवसांत काय केलं असेल? तालमींचं वेळापत्रक शीटवर आणलं, उशीर करणाऱ्यांचा ट्रॅकर बनवला, आणि दिग्दर्शक पोरीला "आपण एक रेट्रो घेऊ या का" विचारलं, म्हणजे काय चुकलं काय बरोबर ते बघायची आयटीवाल्यांची मीटिंग! ती बिचारी काका काका म्हणत गप्प. मग आम्ही ठरवलं, तीन महिने सूचना बंद. सांगितलेला लाइट सांगितलेल्या जागी लावायचा आणि प्रयोग संपला की वायरी गुंडाळायच्या. कोपरापासून अंगठ्यापर्यंत वायरीचे नीट वेढे घेत बसणारा, दोनशे माणसांचा साहेब. त्यांना तेच आवडलं शेवटी, चुकलं तर पोरगी ओरडते आणि विषय संपतो, अप्रेझलला निघत नाही.

मेडिटेशन ॲपचंही तेच. सलग दिवसांचा आकडा दाखवणारं ॲप असेल तर काढून टाकायला सांगा.

घरी गेल्यावर

हार्वर्डचा एक मोठा अभ्यास आहे, त्याच माणसांचं आयुष्य वर्षानुवर्षं बघणारा, १९३८ पासून चालू असलेला, रॉबर्ट वॉल्डिंगर आता त्याचे प्रमुख आहेत, त्याचं सार एवढंच की म्हातारपणी तब्येत आणि समाधान यांच्याशी जवळची नाती फार घट्ट जोडलेली दिसली. हे क्लायंटला जरूर सांगा पण पाचव्या-सहाव्या भेटीनंतर, आधी सांगितलं की तो नात्यांचं प्रोजेक्ट काढतो.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगते. पंधरा वर्षं रात्री नऊला येणारा माणूस एकदम सातला घरी यायला लागला की घर खूश होत नाही. घराने त्याच्याशिवाय चालायला शिकून घेतलेलं असतं. बायकोची ती वेळ तिची झालेली असते, पोरगी दार लावून बसलेली असते, आणि हा येऊन फ्रिज उघडून म्हणतो, "एवढं दही कशाला आणलंय?" आठवड्याभरात भांडण. मग तो तुमच्याकडे येऊन म्हणतो मी प्रयत्न केला, त्यांनाच नकोय. हे आधीच सांगून ठेवा की पहिले दोन-तीन महिने पाहुण्यासारखं राहायचं, जे चाललंय त्यात सुधारणा सुचवायची नाही, एक ठरलेलं काम अंगावर घ्यायचं, भांडी लावणं म्हणा, पोरीला क्लासला सोडणं म्हणा, आणि ते न बोलता करायचं. क्लासला सोडताना गाडीत पोरं बोलतात, समोर बसवलं की नाही बोलत.

बारीक सवयी लावायला मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झरची जेव्हा-तेव्हाची पद्धत चांगली चालते, म्हणजे नुसतं "घरी फोन कमी बघेन" नाही, तर "जेव्हा गाडी पार्किंगला लावेन, तेव्हा पाच मिनिटं फोन बंद करून गाडीतच बसेन, मगच वर जाईन". वाकडच्या ट्रॅफिकमधून आलेल्या माणसाला ती पाच मिनिटं लागतातच.

बायका क्लायंट असतील तर वरचं बरंचसं बाजूला ठेवा. भारताच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला २९९ मिनिटं त्यात जात होती आणि पुरुषांची ९७. व्हाइस प्रेसिडेंट बाईला नाती वाढवा म्हणून काय सांगताय, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, पोराच्या शाळेचं प्रोजेक्ट आणि गौरीचे मुखवटे सगळं तिच्याच डोक्यात आहे. तिला हवा असतो एक तास, ज्यात ती कुठे आहे ते कुणाला माहीत नाही आणि "अगं ते कुठे ठेवलंयस" विचारायला कुणी फोन करणार नाही. तो तास मिळवायला घरात वाटाघाटी कराव्या लागतात आणि कोचिंगचा मोठा भाग त्या वाटाघाटींची तयारी हाच असतो. स्वयंपाकाला बाई ठेवा इतकंच सुचवून मोकळं होऊ नका, बाई आली नाही तर निरोप कुणाला येतो ते विचारा.

राजीनामा आणि कोकणातला होमस्टे

कधीतरी तो दिवस येतोच, "मी सोडतोय, मुळशीला जमीन घेऊन शेती करणार." पहिल्या सहा महिन्यांत राजीनामा नाही, हे मी सुरुवातीलाच बोलून घेते. विरोध करू नका, चाचणी द्या. होमस्टे काढायचाय ना, मग ओळखीच्या कुणाच्या होमस्टेवर मे महिन्यातले चार वीकेंड काम करून ये, बुकिंग बघणं नाही, बाथरूम धुणं आणि रात्री अकराला आलेल्या पाहुण्यांना जेवायला वाढणं. शेती करायची तर महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असल्याचा पुरावा लागतो हे निम्म्यांना माहीत नसतं, तलाठ्याकडे एक चक्कर मारून ये म्हणावं. काही जण या चाचणीतून आणखी पक्के होऊन येतात, त्यांना मग खरंच मदत करायची. बाकीच्यांच्या लक्षात येतं की त्यांना नोकरी सोडायची नव्हती, त्यांना एक विशिष्ट बॉस नाहीतर रात्रीचे यूएस कॉल सोडायचे होते. कॉल तर मागून कमी करता येतात, बऱ्याच जणांनी कधी मागितलेलेच नसतात.

पैसे कंपनी भरत असेल तर

सुरुवातीलाच तिघांत लेखी ठरवा: क्लायंट, एचआर आणि तुम्ही. कंपनीला फक्त सेशन झालं की नाही एवढंच कळेल, आत काय बोललं ते नाही. एचआर नंतर चहाला बोलावून "तो राहील ना हो?" विचारतेच, तेव्हा हा कागद उपयोगी पडतो. हे मान्य नसेल तर ते काम घेऊ नका, कारण माणूस तुमच्यासमोरही परफॉर्मच करत राहील.

थांबायचं कधी? पाहुण्यासारखं न वागता लोकांची नावं घेऊन बोलायला लागला, म्हणजे "स्टेकहोल्डर" च्या जागी "आमचा सुहास आहे ना, तो" असं यायला लागलं, की बरं चाललंय. भेट रद्द करायला लागला आणि कारण मीटिंग नसून पोरीसोबत कुठेतरी अडकलोय असं असलं, तर अजून बरं. त्यावेळी पुढचं पॅकेज विकू नका, मोह होतो कारण हा क्लायंट पैसे वेळेवर देतो आणि बोलायलाही छान असतो. शेवटच्या भेटीत त्याने काय मिळवलं याची यादी करायला लावू नका, तो फार छान यादी करेल. तीन महिन्यांनी एक फोन करेन म्हणून सांगा, त्याचे पैसे लावू नका, आणि केलात की कामाचं काहीच न विचारता इकडच्या तिकडच्या गप्पा मारा, त्याला तेवढ्या मारता आल्या तर फाईल बंद करा.